ब्रेक्झिट आणि आयर्लंडच्या सीमेवरचा शेतमाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचायला सोपं जावं म्हणून खाली तीन नावं वापरली आहेत. 'दक्षिण' म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताक, जे युरोपीय संघात (पुढे बऱ्याचदा नुसतं 'संघ') आहे. 'उत्तर' म्हणजे उत्तर आयर्लंड, जो युनायटेड किंगडमचा भाग आहे. 'ब्रिटन' म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स असलेलं समुद्रापलीकडचं बेट. ही तीन नावं डोक्यात पक्की ठेवा. या विषयातले निम्मे गैरसमज उत्तर आणि ब्रिटन एकच धरल्यामुळे होतात.

उत्तर आणि दक्षिण यांच्यातल्या सीमेवर आज शेतमाल तपासला जातो का?

नाही. उत्तरेतल्या न्यूरीहून दक्षिणेतल्या डंडॉकला जाणाऱ्या ट्रकला वाटेत चौकी लागत नाही, कस्टमचा फाटक नाही, पशुवैद्यकाची खोलीही नाही. वेगमर्यादेची पाटी मैलांऐवजी किलोमीटरमध्ये दिसली की सीमा ओलांडली हे कळतं. जवळपास ५०० किलोमीटरच्या या सीमेवर दोनशेहून जास्त रस्ते आहेत, आणि काही ठिकाणी एकाच शेतकऱ्याची जमीन दोन्ही बाजूंना आहे. इतक्या रस्त्यांवर तपासणी बसवणं अवघड होतंच, शिवाय १९९८च्या गुड फ्रायडे करारानंतर (उत्तरेतला हिंसाचार थांबवणारा शांतता करार) मोकळी झालेली सीमा पुन्हा बंद करायची कोणाचीच तयारी नव्हती.

म्हणून तपासणी समुद्राकडे सरकवली. ब्रिटनहून उत्तरेत येणारा माल लार्न, बेलफास्ट, वॉरनपॉइंट अशा बंदरांवर पाहिला जातो. जमिनीवरची सीमा उघडी राहिली याची किंमत आयरिश समुद्रातल्या बोटीवर चढणारा माल मोजतो.

मग ब्रेक्झिटने शेतमालाच्या बाबतीत नेमकं बदललं काय?

सार्वमत २३ जून २०१६ ला झालं, युनायटेड किंगडम ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला. १ जानेवारी २०२१ पासून उत्तर आयर्लंड प्रोटोकॉल लागू झाला. त्यानुसार उत्तर युनायटेड किंगडमच्या जकात क्षेत्रातच राहिलं, पण मालाच्या बाबतीत तिथे युरोपीय संघाचे नियम चालू राहिले: अन्नसुरक्षा, जनावरांचं आरोग्य, वनस्पतींचं आरोग्य, मालावरचा व्हॅट. २७ फेब्रुवारी २०२३ ला युनायटेड किंगडमचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी विंडसर फ्रेमवर्क जाहीर केलं. त्यात समुद्रावरची तपासणी बरीच हलकी झाली, पण पाया तोच राहिला.

शेतमालाकडे पाहताना जकात, आरोग्याचे नियम आणि मालाचं 'मूळ' (तो कोणत्या देशाचा मानायचा) हे तीन प्रश्न वेगळे ठेवा. पहिल्याची भीती सगळ्यांत जास्त होती आणि तो बराचसा सुटला. दुसरा उत्तर-दक्षिण व्यापारापुरता सुटला. तिसऱ्याकडे फारसं कोणाचं लक्ष नव्हतं आणि तो आजही तसाच आहे.

करार झालाच नसता तर किती जकात लागली असती?

शेतमाल हा युरोपीय संघाच्या जकातीतला सगळ्यांत कडक भाग आहे. ज्या देशाशी करार नाही त्याच्या चेडर चीजवर १०० किलोला १६७.१ युरो, म्हणजे टनाला १,६७१ युरो लागतात. लोण्यावर १०० किलोला १८९.६ युरो. हाडं काढलेल्या ताज्या गोमांसावर किमतीच्या १२.८ टक्के आणि वर १०० किलोला ३०३.४ युरो. असे दर लागले असते तर व्यापार 'महाग' झाला नसता, थेट बंद पडला असता.

युनायटेड किंगडमने मार्च २०१९ मध्ये, करार झाला नाही तर काय याची तयारी म्हणून, दक्षिणेकडून उत्तरेत येणाऱ्या मालावर जकात लावणार नाही असं जाहीर केलं होतं. उलट दिशेला मात्र संघाला आपली जकात लावावीच लागली असती. म्हणजे धोका दोन्हीकडे सारखा नव्हता. दक्षिणेच्या डेअऱ्यांना दूध घालणारा उत्तरेचा शेतकरी आधी भरडला गेला असता. शेवटी ३० डिसेंबर २०२० ला झालेल्या व्यापार आणि सहकार्य करारात जकात आणि कोटा दोन्ही शून्य ठरले, पण ज्या मालाचं मूळ सिद्ध होतं त्याच्यापुरतेच.

दुधाचा विषय इतका नाजूक का?

कारण दूध थांबत नाही आणि गाय धारेची वेळ बदलत नाही. उत्तरेत निघणाऱ्या दुधापैकी साधारण एक तृतीयांश, म्हणजे वर्षाला ८० कोटी लिटरच्या आसपास, प्रक्रियेसाठी दक्षिणेत जातं. उत्तरेत तेवढ्या भुकटीच्या आणि लोण्याच्या क्षमतेचे कारखाने नाहीत. लेकलँड डेअरीजसारख्या सहकारी संस्थेचे सभासद दोन्ही बाजूंना आहेत आणि कारखानेही: दक्षिणेत कॅव्हनमध्ये बेलीबरो आणि किलेशँड्रा, उत्तरेत आर्टिगार्व्हन आणि न्यूटनआर्ड्स. गोकुळ किंवा वारणेच्या धर्तीवर शेतकऱ्यांच्या मालकीचा हा दूध संघ. फरक एवढाच, की याच्या संकलनाच्या वाटा दोन देशांतून जातात.

टँकर सीमा सहज ओलांडतो यामागे नियम एकच असण्याचा भाग आहे. कच्चं दूध रोज उचलत असाल तर ८ अंशांच्या आत आणि एक दिवसाआड उचलत असाल तर ६ अंशांच्या आत थंड करायचं. कारखान्यात पोचताना ते १० अंशांच्या वर जाता कामा नये. गाईच्या दुधात जिवाणूंची संख्या मिलिलिटरला १ लाखाच्या आत आणि दैहिक पेशी (सोमॅटिक सेल, कासेच्या आरोग्याचं माप) ४ लाखांच्या आत. हे आकडे उत्तरेतल्या अर्मामध्ये आणि दक्षिणेतल्या मॉनाहनमध्ये सारखेच आहेत. उत्तर या नियमांच्या बाहेर गेलं असतं तर प्रत्येक टँकर 'तिसऱ्या देशातलं', म्हणजे संघाबाहेरचं दूध ठरला असता. त्याला पशुवैद्यकाच्या सहीचा दाखला लागला असता आणि त्याला मान्यताप्राप्त सीमा तपासणी केंद्रातून जावं लागलं असतं. जमिनीवरच्या या सीमेवर असं एकही केंद्र नाही. २५ ते ३० हजार लिटरचा टँकर केंद्राच्या शोधात बंदरावर न्यायचा म्हटलं तर ८ अंशांचं दूध १० अंशांवर जायला वेळ लागत नाही.

टँकर अडत नाही, जकात नाही. मग दूध संघ अजून तक्रार का करतात?

कारण आहे मालाचं मूळ, म्हणजे माल कोणत्या देशाचा मानायचा हा प्रश्न. उत्तरेचं दूध आरोग्याच्या नियमांनुसार युरोपीय दर्जाचं आहे, पण मुळाच्या हिशेबात ते युनायटेड किंगडमचं आहे. कारखान्यात दोन्हीकडचं दूध एकाच टाकीत पडतं. त्यातून निघालेलं लोणी किंवा भुकटी कोणाची?

माल कोणत्या बाजारात जातो यावर ते ठरतं.

माल दक्षिणेत किंवा युरोपीय संघात विकला तर अडचण नाही. तो संघाच्या बाजारात मुक्तपणे फिरतो.

तो ब्रिटनला गेला तरी अडचण नाही. व्यापार आणि सहकार्य करारात दोन्ही बाजूंचा कच्चा माल परस्पर मोजता येतो, त्यामुळे उत्तरेचं दूध दक्षिणेच्या कारखान्यात शिरलं म्हणून चीज शून्य जकातीला अपात्र ठरत नाही.

माल संघाने करार केलेल्या तिसऱ्या देशात जायचा असेल तर मात्र गाठ पडते. दुग्धजन्य पदार्थांसाठी अशा करारांचा सर्वसाधारण नियम असा, की वापरलेलं दूध संपूर्णपणे करारातल्या देशांचंच हवं. उत्तरेचं दूध संघाचं नाही, त्यामुळे मिश्र दुधाच्या मालाला सवलतीची जकात मिळत नाही. युनायटेड किंगडमच्या स्वतःच्या करारांतही हा माल बसत नाही, कारण प्रक्रिया दक्षिणेत झालेली असते.

दूध संघांपुढे मग तीन मार्ग राहतात: दूध वेगळं ठेवणं, म्हणजे वेगळे टँकर, वेगळी टाकी, वेगळी पाळी; मिश्र माल अशा बाजारात विकणं जिथे मूळ विचारलं जात नाही, कारण तिथे सगळ्यांना एकच जकात असते; किंवा सवलत सोडून देणं. वेगळं ठेवायचं म्हणजे संकलनाच्या वाटा नव्याने आखाव्या लागतात. मे-जूनमध्ये आयर्लंडभर दूध सगळ्यांत जास्त येतं आणि कारखाना काठोकाठ भरलेला असतो. त्या दिवसांत वेगळी पाळी लावणं किती अवघड जातं हे उत्पादन विभागात बसणाऱ्यालाच माहीत. आमच्या मते ब्रेक्झिटचा सीमेवरच्या शेतीला बसलेला सगळ्यांत चिवट फटका हाच आहे. तो ना बंदरावर दिसतो ना बातम्यांत.

गोमांस आणि कोकरांच्या बाबतीतही मुळाचा त्रास आहे का?

आहे, फक्त रूप वेगळं. उत्तरेतली काही लाख कोकरं दर वर्षी दक्षिणेच्या कत्तलखान्यांत जातात. डुकरांची मोठी वाहतूक उलट दिशेने होते. उत्तरेत जन्मलेलं कोकरू दक्षिणेत कापलं तर ते विकता येतं, पण 'आयरिश' म्हणून खपवता येत नाही, आणि तसा शिक्का मागणारा गिऱ्हाईक कमी भाव देतो.

गोमांसाच्या वेष्टनावर जनावर कुठे जन्मलं, कुठे वाढलं, कुठे कापलं हे तिन्ही लिहावं लागतं. दक्षिणेत जन्मलेलं वासरू उत्तरेत वाढवून कापलं तर लेबलवर दोन देश येतात. ब्रिटनच्या सुपरमार्केटना एकच देश हवा असतो. अशा जनावरांना धंद्यात 'नोमॅड' म्हणतात आणि त्यांना भाव कमी मिळतो. ही कटकट ब्रेक्झिटच्या आधीपासून आहे. खापर मात्र सर्रास ब्रेक्झिटवर फोडलं जातं.

दिलासा देणारी एक गोष्ट म्हणजे 'आयरिश ग्रास फेड बीफ' या भौगोलिक मानांकनात अख्खं बेट धरलेलं आहे. आयरिश व्हिस्कीचंही तसंच. मानांकन आणि जकातीसाठीचं मूळ या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, त्यामुळे एकीकडे 'आयरिश' असलेला माल दुसरीकडे नसू शकतो.

जिवंत जनावरं सीमेपलीकडे न्यायची तर पायऱ्या कोणत्या?

इथे लोक हमखास चुकतात, कारण 'सीमा उघडी आहे' याचा अर्थ 'कागद नको' असा घेतला जातो. जिवंत जनावरांना संघातल्या दोन देशांमध्येही आरोग्य दाखला लागतो. तो ब्रेक्झिटच्या आधीही लागत होता आणि उत्तर-दक्षिण वाहतुकीला आजही लागतो.

आधी कानातले बिल्ले आणि नोंदणी तपासा. बिल्ल्याचा आकडा आणि नोंदीतला आकडा यांत एक अंक जरी वेगळा असला तरी जनावर गाडीत चढत नाही. पैदास किंवा पालनासाठी न्यायची गाय-बैल असतील तर ती निघण्यापूर्वी किमान ३० दिवस त्याच गोठ्यात असावी लागतात, आणि सहा आठवड्यांपेक्षा मोठ्या जनावराची क्षयरोगाची चाचणी निघण्याआधीच्या ३० दिवसांत झालेली हवी. दोन्ही बाजू गोवंशाच्या क्षयरोगातून मुक्त नाहीत, म्हणून ही अट सुटत नाही. थेट कत्तलीला जाणाऱ्या जनावरांना अटी हलक्या असतात, पण ती वाटेत दुसऱ्या गोठ्यात उतरवता येत नाहीत.

त्यानंतर सरकारी मान्यतेचा पशुवैद्यक तपासणी करून ट्रेसेस या युरोपीय संगणक प्रणालीत दाखला काढतो. तो १० दिवस चालतो. पोचण्याच्या ठिकाणच्या खात्याला त्याच प्रणालीतून कळतं.

बहुतेक वेळा अडतं ते असं: चाचणीची तारीख ३१व्या दिवशी पडते, विक्रीच्या गडबडीत जनावर दोन आठवड्यांपूर्वीच विकत घेतलेलं असतं आणि गोठ्यातले ३० दिवस भरत नाहीत, किंवा आठवडी बाजारातून थेट सीमेपार न्यायचं ठरतं, पण त्या बाजाराला निर्यातीसाठी जनावरं एकत्र करण्याची मान्यता नसते. जमीन दोन्हीकडे असलेल्या शेतकऱ्याला स्वतःच्याच दुसऱ्या शेतात गुरं हाकायची झाली तरी नियमाच्या नजरेत ती एका देशातून दुसऱ्या देशात जातात.

अख्खं बेट जनावरांच्या आरोग्यासाठी एकच का मानतात?

रोगाला सीमा दिसत नाही म्हणून. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची साथ पसरली तेव्हा इंग्लंडच्या कार्लाइलच्या बाजारातली मेंढरं कत्तलीसाठी म्हणून लार्नमार्गे उत्तरेत आली. ती कत्तलखान्यात न जाता दक्षिण अर्मातल्या 'मी' (Meigh) नावाच्या गावच्या शेतावर उतरली आणि काही तिथून सीमेपलीकडे गेली. १ मार्चला त्या गावात रोग सिद्ध झाला, २२ मार्चला सीमेपलीकडे लाउथ परगण्यातल्या प्रोलीकमध्ये. समुद्र ओलांडून आलेल्या एका खेपेने दोन्ही सरकारांना कामाला लावलं.

त्यामुळे ब्रिटनहून येणाऱ्या जिवंत जनावरांची लार्नमध्ये तपासणी ब्रेक्झिटच्या कितीतरी आधीपासून होत होती. 'समुद्रात सीमा कधीच नव्हती' हे राजकीय वाक्य जनावरांच्या बाबतीत खरं नाही. १ जुलै २०२५ पासून नीलजिव्हा (ब्लूटंग) रोगामुळे संपूर्ण इंग्लंड प्रतिबंधित क्षेत्र झालं, तेव्हाही तिथली जनावरं उत्तरेत येऊ न देण्यामागे हाच विचार होता.

उत्तर-दक्षिण प्रक्रिया केलेला माल विकायचा असेल तर कागद काय लागतात?

कस्टम घोषणा लागत नाही, आरोग्य दाखला लागत नाही. व्हॅट आणि शिक्का या दोन गोष्टी मात्र नीट हव्यात.

मालाच्या व्हॅटसाठी उत्तरेतले व्यवसाय 'एक्सआय' हा उपसर्ग वापरतात. दक्षिणेतल्या विक्रेत्याने उत्तरेतल्या ग्राहक कंपनीचा एक्सआय क्रमांक व्हीआयईएस या युरोपीय प्रणालीत तपासून बिलावर लिहिला तर विक्री शून्य दराने होते आणि खरेदीदार स्वतःच्या विवरणात व्हॅट दाखवतो. 'जीबी' उपसर्गाचा क्रमांक लिहिला तर तो त्या प्रणालीत सापडत नाही आणि शून्य दर टिकत नाही. ही चूक नेहमी होते, कारण क्रमांकाचे आकडे तेच असतात, बदलतो फक्त उपसर्ग. सेवांना हा उपसर्ग चालत नाही. वाहतुकीचं किंवा शीतगृहाचं बिल वेगळ्या नियमाने जातं.

प्राणिजन्य मालाच्या वेष्टनावर कारखान्याचा लंबगोल ओळखशिक्का असतो. दक्षिणेच्या शिक्क्यात 'आयई' असतं. उत्तरेच्या शिक्क्यात 'यूके' आणि कंसात 'एनआय' असतं, खाली 'ईसी' असतं. नुसतं 'यूके' किंवा 'जीबी' छापलेलं वेष्टन ब्रिटनच्या कारखान्याचं ठरतं आणि दक्षिणेत अडू शकतं. ब्रिटनच्या छापखान्यात वेष्टनं छापून घेणाऱ्यांनी पहिली प्रत हातात घेऊन शिक्का वाचावा.

ब्रिटनहून उत्तरेत येणाऱ्या अन्नमालाचं काय?

विंडसर फ्रेमवर्कने दोन मार्गिका केल्या. उत्तरेतच किरकोळ विकला जाणारा माल हिरव्या मार्गिकेने येतो: व्यापारी आधी नोंदणी करतो, मिश्र मालाच्या अख्ख्या ट्रकला एकच सर्वसाधारण प्रमाणपत्र लागतं, त्यावर पशुवैद्यकाची सही नको. कागद सगळ्यांचे पाहिले जातात. माल उघडून ओळख पटवण्याचं प्रमाण ऑक्टोबर २०२३ मध्ये १० टक्के होतं, ते टप्प्याटप्प्याने जुलै २०२५ पासून ५ टक्क्यांवर आणलं. बदल्यात वेष्टनावर 'नॉट फॉर ईयू' छापावं लागतं: आधी मांस आणि काही दुग्धपदार्थ, ऑक्टोबर २०२४ पासून सगळं दूध-दुभतं, जुलै २०२५ पासून आणखी बरेच पदार्थ.

पुढे दक्षिणेत जाणारा किंवा जाऊ शकणारा माल लाल मार्गिकेने येतो. त्याला निर्यात आरोग्य दाखला, ट्रेसेसवर आगाऊ सूचना, सगळं लागतं.

'नॉट फॉर ईयू' लिहिलेला माल बेलफास्टहून डब्लिनला नेऊन विकता येईल का?

नाही. रस्त्यात कोणी अडवणार नाही, पण दुकानात सापडला तर तो बेकायदा माल आहे आणि ज्या व्यापाऱ्याच्या नोंदणीवर आला त्याची हिरवी मार्गिका धोक्यात येते.

ब्रिटनहून थेट दक्षिणेत माल आणायचा असेल तर?

तेव्हा तुम्ही तिसऱ्या देशातून संघात आयात करत आहात. निर्यात आरोग्य दाखला, प्रवेश दस्तऐवज, किमान एक दिवस आधी सूचना, डब्लिन किंवा रॉसलेअर बंदरावर तपासणी. शून्य जकातीसाठी बिलावर मुळाची घोषणा. उलट, दक्षिणेहून ब्रिटनला जाणारी खेप ६,००० युरोपेक्षा जास्त किमतीची असेल तर निर्यातदाराकडे आरईएक्स (नोंदणीकृत निर्यातदार) क्रमांक हवा. नसेल तर माल आयरिश असूनही पूर्ण जकात बसू शकते. थंड सॉसेज आणि कच्च्या खिम्याचे पदार्थ संघात आणताच येत नाहीत, ते उणे १८ अंशांवर गोठवलेले लागतात. २०२१ मध्ये याच नियमावरून 'सॉसेज युद्ध' गाजलं होतं. जगात इतकी मोठी भांडणं चालू असताना दोन सत्तांनी सॉसेजवरून हमरीतुमरीवर यावं, हा त्या वर्षाचा विनोदच.

आणि एक पळवाट आधीच बंद आहे. दक्षिणेचा अन्नमाल नुसता उत्तरेतून वळवून ब्रिटनला नेला म्हणून तो 'उत्तरेचा पात्र माल' (जो कागदांशिवाय ब्रिटनला जाऊ शकतो) होत नाही. कागद टाळण्यासाठी केलेल्या अशा वळणाला कायद्याने मनाई आहे.

बटाट्याचं बेणं आणि जुनी यंत्रं यांचा काय संबंध?

बेणं आणि यंत्रं यांना माती चिकटलेली असते, आणि माती हा वनस्पतिरोगांचा वाहक. २०२१ पासून स्कॉटलंडचं बटाट्याचं बेणं उत्तरेत आणि दक्षिणेत दोन्हीकडे बंद झालं. आयर्लंडची लागवड त्या बेण्यावर बरीच अवलंबून होती. ऑक्टोबर २०२३ पासून उत्तरेपुरती वाट उघडली: 'उत्तर आयर्लंड वनस्पती आरोग्य' लेबल लावून ब्रिटनचं बेणं उत्तरेत येतं, पण ते पुढे दक्षिणेत नेता येत नाही. दक्षिणेला बंदी कायम आहे, म्हणून तिथे स्वतःचं बेणं वाढवण्यावर जोर आहे. सीमेच्या दोन बाजूंची शेजारची वावरं एकाच पावसात भिजतात, पण बेणं एकाच गोणीतलं वापरू शकत नाहीत.

ब्रिटनच्या लिलावातून जुना ट्रॅक्टर किंवा बटाटे काढायचं यंत्र उत्तरेत आणायचं असेल तर तेही याच लेबलखाली येतं. यंत्र मातीविरहित हवं. बाहेरून धुऊन भागत नाही. चाकांच्या कमानीत, पट्ट्यांच्या मागे आणि फाळांच्या सांध्यांत माती सापडते आणि यंत्र परत जातं.

चाऱ्याच्या धान्यावर जकात लागते का?

ब्रिटनमधून उत्तरेत आलेला माल पुढे संघात जाण्याचा 'धोका' असेल तर त्यावर संघाची जकात लागते. पशुखाद्य कारखान्यांना हे लगेच लागू पडतं, कारण त्यांचे गिऱ्हाईक दोन्हीकडे असतात. ब्रिटनचं मूळ सिद्ध झालेल्या धान्याला दर शून्यच येतो. अडचण तिसऱ्या देशातून ब्रिटनमध्ये उतरून मग उत्तरेत आलेल्या धान्याची. प्रक्रियेसाठी आणलेल्या मालाला धोक्याबाहेर धरण्याची उलाढालीची मर्यादा विंडसर फ्रेमवर्कने ५ लाख पौंडांवरून २० लाखांवर नेली.

चलनाचा परिणाम किती?

सुरुवातीला सगळ्यांत जास्त. २३ जून २०१६ ला एक युरो सुमारे ७६ पेन्सना मिळत होता, ऑक्टोबरपर्यंत तो ९० पेन्सच्या आसपास गेला. दक्षिणेतले मशरूम उत्पादक, ज्यांचा बहुतेक माल ब्रिटनला जातो आणि ज्यांनी भाव पौंडात आधीच ठरवलेले होते, ते काही आठवड्यांत तोट्यात गेले आणि काही बंदच पडले. तेव्हा ना जकात आली होती ना तपासणी. मशरूमला नफा पैशांत मोजावा लागतो, दर आठवड्याला तोडणी होते आणि माल साठवून ठेवता येत नाही. दूध संघांना दोन्ही चलनांत देणी-घेणी असल्याने थोडा समतोल साधतो. एकाच चलनात विकणाऱ्या छोट्या उत्पादकाने पुढचा दर बँकेकडून आधीच बांधून घ्यावा, निदान निम्म्या मालापुरता.

दक्षिणेचा माल ब्रिटनच्या रस्त्यांवरून युरोपला जायचा, त्याचं काय झालं?

डब्लिन ते होलीहेड, मग डोव्हर ते कॅले हा 'लँडब्रिज' अजून चालतो, पण आता माल नुसता पार नेण्याचा (ट्रान्झिट) दस्तऐवज आणि हमी लागते आणि रांगेत वेळ जातो. रॉसलेअरहून डंकर्कला थेट फेरी २ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. थेट बोटीला वेळ जास्त लागतो पण तो आधी सांगता येतो, म्हणून मांसासारखा माल तिकडे वळला. एका दिवसात पोचायलाच हवा असा माल अजून लँडब्रिजवर आहे.

जनावरांची औषधं उत्तरेत मिळतात का?

ब्रिटनहून येणाऱ्या औषधांना दिलेली सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. तुटवडा पडल्यास वापरायच्या वेगळ्या योजना सरकारने केल्या आहेत. तुम्ही वापरत असलेल्या लशीचा परवाना उत्तरेसाठी आहे का, हे हंगामाआधी पशुवैद्यकाला विचारा, लस टोचायच्या दिवशी नको.

मराठी माणूस दक्षिणेत ट्रक चालवतो किंवा मांस कारखान्यात काम करतो. त्याला उत्तरेत जाता येतं का?

मालाला सीमा नसली तरी माणसाला आहे. आयरिश आणि ब्रिटिश नागरिक मोकळे फिरतात, भारतीय पासपोर्टधारक नाहीत. आयरिश कामाच्या परवान्यावर राहणाऱ्या भारतीयाला उत्तरेत जायला युनायटेड किंगडमचा व्हिसा लागतो. ब्रिटिश-आयरिश संयुक्त व्हिसा योजना भारतीयांना लागू आहे, पण ती पर्यटकासारख्या छोट्या भेटीसाठी आहे, कामासाठी नाही. रस्त्यावर चौकी नसणं म्हणजे परवानगी नव्हे. बसमध्ये अधूनमधून तपासणी होते.

नाशिकची द्राक्षं बेलफास्टला पाठवायची तर ब्रिटनचे नियम चालतील का?

आपोआप नाही. उत्तरेत थेट उतरणाऱ्या मालाला कीडनाशकांच्या अवशेषांची युरोपीय मर्यादा लागू होते, ब्रिटनची स्वतंत्र मर्यादा आता तिच्यापेक्षा काही घटकांत वेगळी आहे. ब्रिटनच्या आयातदारामार्फत हिरव्या मार्गिकेने जायचं असेल तर ती जबाबदारी आणि नोंदणी त्याची. करारात अंतिम ठिकाण स्पष्ट लिहून घ्या. अपेडाच्या (भारत सरकारची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट या नोंदणी प्रणालीतून युरोपसाठी नोंदलेल्या बागेचा माल दोन्हीकडे सुरक्षित ठरण्याची शक्यता जास्त, कारण युरोपीय मर्यादा बहुधा तितकीच कडक किंवा अधिक कडक असते.

हे सगळं पुन्हा बदलेल का?

दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. १९ मे २०२५ ला लंडनच्या शिखर परिषदेत युनायटेड किंगडम आणि संघाने अन्न, प्राणी आणि वनस्पती आरोग्याचा सामाईक करार करायचं ठरवलं. तो अमलात आला की ब्रिटनहून येणाऱ्या अन्नमालाचे बहुतेक दाखले आणि 'नॉट फॉर ईयू'सारखी लेबलं यांची गरज उरणार नाही, आणि बेण्याचा प्रश्नही सुटू शकतो. मात्र तो आरोग्याचा करार आहे, जकातीचा नाही. मिश्र दुधाचं मूळ त्याने सुटत नाही. त्यासाठी संघाने प्रत्येक भागीदार देशाशी करारातली व्याख्या बदलून घ्यावी लागेल, आणि तिसरा देश ती फुकटात देत नाही.

दुसरं, उत्तरेच्या विधानसभेने १० डिसेंबर २०२४ ला या व्यवस्थेला ४८ विरुद्ध ३६ मतांनी संमती दिली. दोन्ही समाजांचं (युनायटेड किंगडममध्ये राहू इच्छिणारा आणि एकसंध आयर्लंड हवा असलेला) बहुमत मिळालं असतं तर ती आठ वर्षं चालली असती. ते मिळालं नाही, म्हणून मुदत चार वर्षांची. पुढचं मतदान २०२८ मध्ये. तेव्हा संमती नाकारली गेली तरी व्यवस्था लगेच थांबत नाही, आणखी दोन वर्षं चालते. दूध पुरवठ्याचे किंवा वेष्टन छपाईचे दीर्घ मुदतीचे करार करणाऱ्यांनी हा कालावधी धरूनच तारखा लिहाव्यात.